सतरा हजार मतांनी हुकलेली उमेदवारी

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात २७ एप्रिल २००४ रोजी रिपब्लिकन पक्षाच्या दहा लाखांहून अधिक मतदारांनी सिनेटसाठी आपल्या पक्षाचा उमेदवार कोण असावा, याचा कौल दिला. एका बाजूला होते १९८१ पासून सिनेटमध्ये बसलेले चौऱ्याहत्तर वर्षांचे आर्लेन स्पेक्टर. दुसऱ्या बाजूला होते प्रतिनिधीगृहाचे बेचाळीस वर्षांचे सदस्य पॅट टूमी. स्पेक्टर हे पक्षातले मवाळ, तर टूमी कट्टर परंपरावादी. निकाल लागला तेव्हा स्पेक्टर यांना एकावन्न टक्क्यांना किंचित कमी आणि टूमी यांना एकोणपन्नास टक्क्यांना किंचित अधिक मते होती. अंतर सुमारे सतरा हजारांचे. पक्षाचे नेते, राष्ट्राध्यक्ष आणि पैसा हे सारे विरोधात असताना टूमी इतके जवळ आले होते.

उमेदवारीच्या लढतीत हरलेल्या माणसाला सहसा कोणी लक्षात ठेवत नाही. हा पराभव मात्र पुढे सहा वर्षे अमेरिकेच्या राजकारणात काम करत राहिला. त्याच्या धाकाने एका ज्येष्ठ सिनेटरने पक्ष सोडला, त्या पक्षांतरामुळे डेमोक्रॅट पक्षाला ऐन वेळी हवे असलेले संख्याबळ मिळाले, आणि टूमी यांच्यासारख्यांना सर्वाधिक नावडता असलेला आरोग्यविम्याचा कायदा मंजूर झाला. हे सारे कसे घडले ते समजायचे, तर आधी अमेरिकेतील ‘प्रायमरी’ नावाची व्यवस्था नीट पाहावी लागते.

आपल्याकडे उमेदवारी म्हणजे तिकीट, आणि तिकीट वरून येते. दिल्लीच्या वाऱ्या, निरीक्षकांच्या मुलाखती, बंडखोरीच्या धमक्या आणि अर्ज भरण्याच्या अखेरच्या क्षणी पोहोचणारा एबी फॉर्म हा सारा प्रवास मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसने काही मोजक्या मतदारसंघांत कार्यकर्त्यांच्या मतदानाने उमेदवार निवडण्याचा प्रयोग केला. महाराष्ट्रात लातूर व वर्धा येथे तो झाला. दोन्ही ठिकाणी पक्ष हरला आणि प्रयोगही मागे पडला. अमेरिकेत हाच प्रकार गेली शंभर वर्षे कायद्याने चालतो. विस्कॉन्सिन राज्याने १९०३ मध्ये राज्यव्यापी प्रायमरीचा कायदा केला आणि पक्षधुरीणांच्या बंद खोलीतील उमेदवार-निवड मोडीत काढण्याच्या त्या काळच्या चळवळीतून ही पद्धत इतर राज्यांत पसरली. या मतदानाची व्यवस्था सरकारी यंत्रणाच करते. ज्याला उभे राहायचे आहे त्याने आवश्यक तेवढ्या सह्या गोळा कराव्यात आणि मतदारांपुढे जावे. त्याला अडवण्याचा अधिकार पक्षाध्यक्षाला नाही, तसाच राष्ट्राध्यक्षालाही नाही.

यात एक मेख आहे. पेनसिल्व्हेनियाची प्रायमरी ‘बंदिस्त’ असते. मतदार म्हणून नाव नोंदवताना ज्याने आपला पक्ष रिपब्लिकन असा लिहून दिला असेल, त्यालाच रिपब्लिकन उमेदवार निवडता येतो. अपक्ष म्हणून नोंदलेल्यांना आणि डेमोक्रॅटांना तेथे प्रवेश नाही. शिवाय एप्रिल-मे महिन्यातील या मतदानाला घराबाहेर पडतात ते बहुतेक राजकारणाची मनापासून ओढ असलेले लोक. २००४ च्या नोव्हेंबरात पेनसिल्व्हेनियात सत्तावन्न लाखांहून अधिक लोकांनी मतदान केले. एप्रिलमध्ये रिपब्लिकन सिनेट-उमेदवार ठरवला तो साडेदहा लाखांच्या आसपास लोकांनी. जो नेता साऱ्या राज्याला आवडतो, तो या लहान आणि अधिक आग्रही समूहाला आवडेलच असे नाही. स्पेक्टर यांची आयुष्यभराची अडचण नेमकी हीच होती.

स्पेक्टर हे अमेरिकी राजकारणातले एक विलक्षण पात्र. कॅन्सस राज्यात ज्यू स्थलांतरिताच्या घरी जन्मलेला हा वकील पुढे फिलाडेल्फियात स्थायिक झाला. केनेडी हत्येची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगावर ते साहाय्यक वकील होते, आणि राष्ट्राध्यक्ष केनेडी व गव्हर्नर कॉनली या दोघांना एकाच गोळीने जखमी केले, हा वादग्रस्त सिद्धान्त त्यांच्याच नावाने ओळखला जातो. १९६५ मध्ये ते स्वतः नोंदणीने डेमोक्रॅट असताना रिपब्लिकन पक्षातर्फे फिलाडेल्फियाच्या जिल्हा सरकारी वकिलाच्या पदासाठी लढले, जिंकले आणि मग रिपब्लिकन झाले. पक्षांतराची ही त्यांची पहिली खेप.

सिनेटमध्ये आल्यावर त्यांनी दोन्हीकडच्या लोकांना आळीपाळीने दुखावले. रेगन यांनी सर्वोच्च न्यायालयासाठी नेमलेल्या रॉबर्ट बोर्क यांच्याविरुद्ध १९८७ मध्ये त्यांनी मत दिले. परंपरावाद्यांनी ते कधीच विसरले नाही. १९९१ मध्ये क्लॅरेन्स थॉमस यांच्या सुनावणीत अनिता हिल यांची त्यांनी ज्या धारदारपणे उलटतपासणी घेतली, ती उदारमतवादी महिलांना विसरता आली नाही, आणि त्या रागातूनच १९९२ मध्ये लिन येकल या जवळपास अपरिचित महिलेने त्यांना पराभवाच्या उंबरठ्यावर आणले. क्लिंटन यांच्यावरील महाभियोगात तर ‘दोषी’ किंवा ‘निर्दोष’ यांपैकी काहीच न म्हणता त्यांनी स्कॉटलंडच्या कायद्यातील ‘सिद्ध झाले नाही’ हा तिसरा पर्याय उच्चारून सभागृहाला चकित केले. गर्भपाताच्या अधिकाराला त्यांचा पाठिंबा होता, कामगार संघटनांशी त्यांचे बरे होते, आणि वैद्यकीय संशोधनासाठी केंद्राचा निधी खेचून आणण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. ‘नॅशनल रिव्ह्यू’ या परंपरावादी नियतकालिकाने २००३ मध्ये त्यांना रिपब्लिकन पक्षाचा सर्वात वाईट सिनेटर ठरवले, त्यामागे हा सारा इतिहास होता.

टूमी यांची घडण अगदी वेगळी. ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स येथे जन्म, हार्वर्डचे शिक्षण, मग वॉल स्ट्रीटवर चलनविषयक व्यवहारांत नोकरी, काही काळ हाँगकाँग, आणि त्यानंतर भावांच्या सोबतीने अॅलनटाऊनमध्ये काढलेले रेस्टॉरंट. १९९८ मध्ये ते लिहाय खोऱ्यातून प्रतिनिधीगृहावर निवडून आले. एकेकाळी बेथलेहेम स्टीलच्या भट्ट्यांवर जगणारा हा कामगारांचा मुलूख. डेमोक्रॅट सदस्याने रिकामी केलेली ही जागा टूमी यांनी तीन वेळा जिंकली. तीनच मुदती राहीन, असे त्यांनी सुरुवातीलाच जाहीर केले होते आणि ते पाळलेही; राजकारणात हे दुर्मीळच. कमी कर, कमी सरकारी खर्च, कमी नियंत्रणे हा त्यांचा ध्यास होता. पक्षनिष्ठा त्यानंतर. नोव्हेंबर २००३ मध्ये बुश सरकारने वृद्धांच्या औषधखर्चाचा भार मेडिकेअर योजनेवर टाकणारा प्रचंड खर्चिक कायदा आणला, तेव्हा विरोधात मत देणाऱ्या पंचवीस रिपब्लिकन सदस्यांत टूमी होते.

त्यांच्या प्रचाराला बळ दिले ते ‘क्लब फॉर ग्रोथ’ या संघटनेने. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेचे तंत्र साधे होते. डेमोक्रॅटांशी लढण्याइतकेच महत्त्व तिने स्वतःच्याच पक्षातील ‘नावापुरत्या’ रिपब्लिकनांना धडकी भरवण्याला दिले. सदस्यांकडून देणग्या गोळा करून त्या आव्हानवीराकडे वळवायच्या आणि स्वतंत्रपणे दूरचित्रवाणीवर जाहिराती करायच्या. एखादाच मवाळ सिनेटर पडला तरी बाकीचे आपोआप सरळ होतील, असा हिशेब. धार्मिक परंपरावादीही टूमी यांच्या मागे उभे राहिले. त्यांची चिंता निराळी होती. सिनेटच्या न्यायसमितीचे अध्यक्षपद ज्येष्ठतेने लवकरच स्पेक्टर यांच्याकडे येणार होते. सर्वोच्च न्यायालयातील नेमणुका याच समितीतून जातात, आणि गर्भपाताचा हक्क मानणारा माणूस त्या दारावर बसणार, ही कल्पना त्यांना असह्य होती.

अशा वेळी राष्ट्राध्यक्ष बुश कोणाच्या बाजूने उभे राहतील? विचारांनी ते टूमी यांच्या जवळचे. पण बुश यांना २००० मध्ये पेनसिल्व्हेनियाने चार टक्क्यांनी नाकारले होते आणि २००४ मध्ये तेथील एकवीस निर्वाचक-मते त्यांना हवी होती. सिनेटमध्ये पक्षाचे बहुमत अवघे एकावन्न जागांचे. फिलाडेल्फियाच्या उपनगरांत लोकप्रिय असलेला विद्यमान सिनेटर टाकून नवख्याला उभे करण्याचा जुगार व्हाइट हाऊसला परवडणारा नव्हता. मतदानाच्या आठवडाभर आधी बुश पिट्सबर्गला गेले आणि स्पेक्टर यांचा हात त्यांनी जाहीरपणे उंचावला. राज्याचे दुसरे सिनेटर रिक सँटोरम हे तर गर्भपातविरोधकांचे लाडके. त्यांनीही स्पेक्टर यांच्यासाठी दूरचित्रवाणीवर मते मागितली. टूमी यांच्यापाशी याला एकच उत्तर होते: राष्ट्राध्यक्षांचा कार्यक्रम मीच अधिक निष्ठेने राबवीन. ज्या राष्ट्राध्यक्षाचा कार्यक्रम राबवायचा तोच प्रतिस्पर्ध्याच्या व्यासपीठावर उभा असताना हे सांगणे म्हणजे मोठीच कसरत होती. जी सतरा हजार मते कमी पडली त्यांचा शोध कोणाला घ्यायचा असेल, त्याने या दोन पाठिंब्यांपासून सुरुवात करावी.

नोव्हेंबरमध्ये स्पेक्टर दहा टक्क्यांहून अधिक फरकाने निवडून आले. बुश मात्र राष्ट्राध्यक्षपद जिंकूनही पेनसिल्व्हेनियात हरले. ज्या गणितासाठी टूमी यांचा बळी दिला ते गणित सुटलेच नाही. निवडून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी स्पेक्टर यांनी, गर्भपाताचा हक्क रद्द करू पाहणाऱ्या न्यायाधीशांना सिनेटची मंजुरी मिळणे अवघड जाईल, अशा आशयाचे विधान केले आणि देशभरातील परंपरावाद्यांनी सिनेटच्या कार्यालयांवर दूरध्वनींचा भडिमार केला. न्यायसमितीचे अध्यक्षपद हातचे जाते की काय, अशी वेळ आली. राष्ट्राध्यक्षांच्या उमेदवारांना अडवणार नाही, अशी ग्वाही सहकाऱ्यांना दिल्यावरच ते पद त्यांना मिळाले. २००५ मध्ये जॉन रॉबर्ट्स आणि २००६ मध्ये सॅम्युअल अलिटो हे दोघेही त्यांच्याच अध्यक्षतेखाली समितीतून पार पडले आणि दोघांनाही स्पेक्टर यांनी मत दिले. बोर्क यांना रोखणारा स्पेक्टर हाच का, असा प्रश्न अनेकांना पडला. एप्रिलमधील एकोणपन्नास टक्के त्यांच्या मानगुटीवर बसले होते, हे त्याचे एक उत्तर.

दरम्यान टूमी २००५ मध्ये ‘क्लब फॉर ग्रोथ’चेच अध्यक्ष झाले. म्हणजे ज्या शस्त्राने ते लढले त्या शस्त्राचा कारखानाच त्यांच्या हाती आला. २००६ मध्ये संघटनेच्या पाठिंब्याने मिशिगनमध्ये टिम वॉलबर्ग यांनी जो श्वार्त्झ या मवाळ सदस्याची उमेदवारी हिरावली. ऱ्होड आयलंडमध्ये लिंकन चेफी यांच्याविरुद्ध उभा केलेला उमेदवार प्रायमरीत हरला, आणि घायाळ झालेले चेफी नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅटांकडून हरले. त्याच वर्षी सँटोरम यांचाही दणदणीत पराभव झाला. बुश यांच्याविरुद्धची लाट हे त्याचे मोठे कारण खरे. पण ज्यांनी एरवी सँटोरम यांच्यासाठी दारोदार फिरायचे, त्यांच्यापैकी अनेकांनी स्पेक्टर यांना दिलेला पाठिंबा त्यांना माफ केला नव्हता.

आणि मग मतदारयादीच बदलली. २००८ मध्ये ओबामा व हिलरी क्लिंटन यांच्यातील चुरशीच्या लढतीत भाग घेण्यासाठी, आणि बुश यांच्या कारभाराला कंटाळून, पेनसिल्व्हेनियातील दोन लाखांहून अधिक रिपब्लिकनांनी आपली नोंदणी बदलून डेमोक्रॅट केली. हा आकडा स्पेक्टर यांनीच पुढे आपल्या निवेदनात दिला. या नोंदण्या बदलणाऱ्यांत मोठा वाटा फिलाडेल्फियाच्या उपनगरांतील मवाळांचा होता. बंदिस्त प्रायमरीत याचा अर्थ सरळ होता. २००४ मध्ये ज्यांनी त्यांना तारले ते लोक आता त्या खोलीतच नव्हते. सतरा हजारांची आघाडी कागदावरच वितळून गेली होती.

फेब्रुवारी २००९ मध्ये ओबामांच्या ७८७ अब्ज डॉलरच्या अर्थ-उत्तेजन विधेयकाला सिनेटमध्ये तीन रिपब्लिकनांनी मत दिले. मेन राज्याच्या दोघी, सुझन कॉलिन्स व ऑलिंपिया स्नो, आणि तिसरे स्पेक्टर. मताच्या मोबदल्यात त्यांनी वैद्यकीय संशोधनासाठी दहा अब्ज डॉलर पदरात पाडून घेतले. आपल्या पक्षात मात्र त्यांनी परतीचे दोर कापले. एप्रिलच्या मध्यावर टूमी यांनी पुन्हा उमेदवारी जाहीर केली. पाहण्या स्पेक्टर यांचा मोठा पराभव दाखवत होत्या. २८ एप्रिल २००९ रोजी, पहिल्या लढतीला पाच वर्षे व एक दिवस झालेला असताना, स्पेक्टर डेमोक्रॅट पक्षात गेले. आपल्या एकोणतीस वर्षांच्या कामगिरीचा निवाडा पेनसिल्व्हेनियाच्या रिपब्लिकन प्रायमरी मतदारांकडून करून घेण्याची आपली तयारी नाही, असे त्यांनी स्पष्टच सांगितले. महाराष्ट्राच्या वाचकाला पक्षांतराचे नवल वाटायचे कारण नाही, पण या कबुलीतील प्रांजळपणाचे वाटावे. आपल्याकडे मतदारसंघाच्या विकासाचे नाव तरी पुढे केले असते. अमेरिकेत पक्षांतरबंदीचा कायदा नाही. त्यामुळे जागा, मुदत, कार्यालय हे सारे त्यांच्यापाशी तसेच राहिले.

या पक्षांतराने डेमोक्रॅटांचे संख्याबळ एकोणसाठ झाले. जुलैमध्ये मिनेसोटाचे अल फ्रँकन यांचा दीर्घकाळ रखडलेला निकाल लागून त्यांचा शपथविधी झाला आणि ते साठ झाले. सिनेटमध्ये चर्चा लांबवून विधेयक रोखण्याची जी फिलिबस्टर नावाची मुभा आहे, ती मोडायला साठच मते लागतात. २४ डिसेंबर २००९ च्या सकाळी ओबामांचे आरोग्यविधेयक साठ विरुद्ध एकोणचाळीस मतांनी मंजूर झाले. एकही रिपब्लिकन मत नव्हते आणि एकही मत वाया घालवण्याची सोय नव्हती. त्या साठांत स्पेक्टर होते. महिनाभरातच मॅसॅच्युसेट्सची पोटनिवडणूक रिपब्लिकन स्कॉट ब्राऊन यांनी जिंकली आणि साठचा आकडा गेला. करकपातवाद्यांच्या दबावाने ज्याला पक्षाबाहेर ढकलले, त्याच्याच हाताने त्यांना सर्वाधिक सलणारा कायदा झाला.

मग २००४ मध्ये टूमी जिंकले असते तर? रिपब्लिकन पक्षात हा वाद बराच काळ रंगला. टूमी यांना उमेदवारी मिळती तर केरी यांनी जिंकलेल्या त्या राज्यात ते नोव्हेंबरमध्ये पडले असते आणि ती जागा तेव्हाच डेमोक्रॅटांकडे गेली असती, असे बुश यांचे समर्थक म्हणत. हा युक्तिवाद पोकळ नाही. पण रॉबर्ट्स व अलिटो यांच्यासाठी स्पेक्टर आवश्यकच होते, हा त्याचा पुढचा भाग पटत नाही. रॉबर्ट्स यांना अठ्ठ्याहत्तर, तर अलिटो यांना अठ्ठावन्न मते मिळाली. एका मताने बिघडेल असे तेथे काही नव्हते, आणि समितीचा दुसरा कोणताही रिपब्लिकन अध्यक्ष त्यांना खळखळ न करता पुढे नेता. स्पेक्टर यांना वाचवून पक्षाने पाच वर्षांची सोय विकत घेतली आणि तिची किंमत शेवटी चुकवलीच, असे म्हणणे अधिक योग्य.

स्पेक्टर यांनी टाळलेली प्रायमरी त्यांना दुसऱ्या घरात भेटली. ओबामांचा पाठिंबा त्यांना होता. निवृत्त नौदल अधिकारी आणि प्रतिनिधीगृहाचे सदस्य जो सेस्टॅक यांनी लढतीतून बाजूला व्हावे म्हणून व्हाइट हाऊसने बिल क्लिंटन यांच्याकरवी त्यांना चाचपून पाहिले. सेस्टॅक हटले नाहीत. पक्षबदलामुळे आपण पुन्हा निवडून येऊ शकू, अशा अर्थाचे स्पेक्टर यांचेच वाक्य आणि बुश यांनी त्यांची केलेली स्तुती त्यांनी जाहिरातीत दाखवली. पिट्सबर्गला २००४ मध्ये ज्या पाठिंब्याने जिंकवले, तोच २०१० मध्ये गळ्यातला धोंडा झाला. १८ मे रोजी सेस्टॅक सुमारे आठ टक्क्यांनी जिंकले, आणि नोव्हेंबरमध्ये टूमी यांनी सेस्टॅक यांना एकावन्न विरुद्ध एकोणपन्नास टक्क्यांनी हरवून ती जागा घेतली. आकडे २००४ चेच, बाजू तेवढी बदललेली. स्पेक्टर यांचे ऑक्टोबर २०१२ मध्ये निधन झाले.

टूमी बारा वर्षे सिनेटर होते. २०१३ मध्ये बंदूक-खरेदीदारांच्या पार्श्वभूमीच्या तपासणीची व्याप्ती वाढवणारा प्रस्ताव त्यांनी डेमोक्रॅट जो मँचिन यांच्यासमवेत मांडला. त्याला चोपन्न मते मिळाली, साठ मिळाली नाहीत. १३ फेब्रुवारी २०२१ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांच्या दुसऱ्या महाभियोगात दोषी म्हणून मत देणाऱ्या सात रिपब्लिकनांपैकी ते एक होते. त्यानंतर पेनसिल्व्हेनियातील अनेक काउंटींच्या रिपब्लिकन समित्यांनी त्यांच्या निषेधाचे ठराव केले आणि एकेकाळी स्पेक्टर यांच्यासाठी वापरलेली विशेषणे त्यांच्याही वाट्याला आली. २०२२ ची निवडणूक न लढवण्याचे त्यांनी आधीच जाहीर केले होते. त्यांच्या जागेसाठी त्या वर्षी झालेली रिपब्लिकन प्रायमरी मेहमेत ऑझ यांनी डेव्हिड मॅकॉर्मिक यांच्याविरुद्ध एक हजारापेक्षाही कमी मतांनी जिंकली, आणि नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅट जॉन फेटरमन यांनी ती जागा घेतली.